दंतकथा आणि इतिहास : कसोटी एकच हवी



नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर आपल्यापैकी पुष्कळजण मुलाबाळांसह जाऊन आले असतील. पायऱ्या चढून वर गेले की लेण्यांची रांग लागते. वाटेत कोणीतरी सांगतोच, "ही पांडवलेणी. वनवासात असताना पांडवांनी एका रात्रीत कोरली." आपण ऐकतो आणि पुढे जातो. पण बरोबरचा दहा वर्षांचा मुलगा पुढे जात नाही. तो विचारतो, "बाबा, पांडवांनी कोरली तर आत बुद्धाची मूर्ती कशी?"

प्रश्न लहान तोंडचा आहे, पण त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. "पांडव वगैरे सगळे खोटे, लेणी आपली आहेत," एवढे बोलून तुम्ही मोकळे होऊ शकता. मुलगा गप्प बसेल. पण उद्या तोच मुलगा विचारील, "बाबा, बुद्ध जन्मताच सात पावले चालले हे खरे का?" त्या वेळी तुम्ही काय सांगणार? पहिल्या प्रश्नाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे माप लावणार काय? नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. म्हणून त्याचा नीट विचार करू या.

दगड काय सांगतो?

लेणी कोणी कोरली, हे सांगण्यासाठी आपल्याला भांडण्याची गरज नाही. लेण्यांच्या भिंतींवर ते कोरून ठेवले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने हे लेणे भिक्खूसंघाला दिले. एवढ्यावर तो थांबला नाही. भिक्खूंचा खर्च कसा चालावा, याची तरतूदही त्याने केली आणि ती दगडावर लिहून ठेवली. गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यावर दरमहा शेकडा एक व्याज. या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीकडे आणखी १,००० कार्षापण. त्यावर व्याज शेकडा पाऊण. मुद्दल मोडावयाचे नाही, व्याजच वापरावयाचे.

आता हा हिशोब मुलाला कागदावर करावयास सांगा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीसच. हिशोब पैनपै जुळतो!

एका रात्रीत लेणी कोरणाऱ्या पांडवांच्या कथेत असा हिशोब कोठे आहे? छिन्नी कोणी चालवली, पैसा कोणी दिला, त्यात राहिले कोण, त्यांनी खाल्ले काय? दंतकथेला हे प्रश्न विचारता येत नाहीत. विचारले की ती रागावते. इतिहासाला मात्र प्रश्न विचारावेच लागतात, आणि प्रश्नांनी तो बळकट होतो.

पुण्याच्या वाटेवर कार्ल्याचे भव्य चैत्य आहे. तेथेही हेच दिसते. दान देणाऱ्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गंधिक सिंहदत्त आहे, यवन आहेत, भिक्खुणी आहेत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. दरवाजाचे काम त्याने केले. सुताराचे नाव! ज्या देशात कष्ट करणाऱ्याचे नाव सहसा कोठेच लिहून ठेवले जात नाही, त्या देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सुताराचे नाव आपण आजही वाचू शकतो.

लिपी विसरली की पांडव येतात

मग एवढे स्पष्ट लिहिलेले असताना लोक पांडवांचे नाव का घेऊ लागले? कारण वाचणारेच उरले नाहीत. हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत. भिक्खूसंघ विस्कळीत झाला, विहार ओस पडले आणि ती लिपी हळूहळू लोकांच्या स्मरणातून गेली. डोळ्यांसमोर अक्षरे होती, पण ती मुकी झाली होती. माणसाला रिकामी जागा सहन होत नाही. जेथे माहिती नसते तेथे तो कथा भरतो.

हे केवळ नाशिकला घडले असे नाही. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने टोपरा गावचा अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. त्यावरचा लेख काय आहे, हे वाचण्यासाठी विद्वान बोलावले गेले. कोणालाही वाचता आला नाही. लोक मात्र ठामपणे सांगत होते की ही भीमाची काठी आहे. ज्या राजाने आपल्या प्रजेसाठी पाऊलवाटांवर झाडे लावली, विहिरी खोदल्या आणि ते स्तंभावर लिहून ठेवले, त्याचे नाव पुसले गेले आणि त्याच्या स्तंभावर भीम येऊन बसला.

पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि मुकी अक्षरे बोलू लागली. महाराष्ट्रातही सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली सापडला. ज्या वर्षी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी ही गोष्ट घडावी, हा योगायोग आहे. योगायोगच आहे, त्यात दैवी संकेत शोधू नका. असे संकेत शोधण्याच्या सवयीतूनच दंतकथा जन्माला येतात.

कथेने आपले काय नुकसान केले?

कोणी म्हणेल, "पांडवांचे नाव घेतले म्हणून काय बिघडले? जुन्या गोष्टी आहेत, ऐकावयाच्या आणि सोडून द्यावयाच्या."

धम्मबंधूंनो, ही गोष्ट दुसरे कोणी बोलले तर समजू शकते. आपण बोलू नये. कथेला इतिहास मानल्याची किंमत आपल्या आजोबा-पणजोबांनी मोजली आहे. पुरुषाच्या मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र निघाले ही एक कथा आहे. ती कथा म्हणून राहिली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. पण ती समाजाच्या उत्पत्तीचा इतिहास म्हणून सांगितली गेली. इतिहासाचा पुढे कायदा झाला, कायद्याची रूढी झाली, आणि रूढीने पाणवठ्यावर पहारा बसवला. आपल्या पूर्वजांना तर त्या पुरुषाच्या पायांतसुद्धा जागा मिळाली नाही! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते एका पुस्तकाच्या कागदावरील रागाने नव्हे. कथेला कायद्याचे आसन देणाऱ्या व्यवस्थेचा तो धिक्कार होता.

म्हणून दंतकथा आणि इतिहास यांतील भेद ओळखणे ही आपल्यासाठी फावल्या वेळेची करमणूक नाही. तो आपल्या मुक्तीचा एक भाग आहे.

इतिहास आपल्या सोयीचा नसतो

येथपर्यंत सर्वांना पटेल. पुढचा भाग थोडा कठीण आहे, आणि खरी परीक्षा तेथेच आहे.

ज्या उषवदाताने भिक्खूंच्या चीवराची तरतूद केली, त्याच उषवदाताचा त्याच लेण्यात दुसरा लेख आहे. त्यात तो सांगतो की आपण तीन लाख गाई दान केल्या, देव आणि ब्राह्मण यांना सोळा गावे दिली, आणि दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन घालतो. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे राजमाता गौतमी बलश्री हिने भदायनीय भिक्खूसंघाला दिले. वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेल्या त्या लेखात ती आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती करते. त्या स्तुतीत हेही आहे की त्याने चार वर्णांचा संकर थांबवला.

बौद्ध भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याची प्रौढी! वाचून मन खट्टू होते. कोणाला वाटेल, हे सांगूच नये. लेणी बौद्धांची एवढेच सांगावे आणि पुढे जावे. पण तसे केले तर आपण काय केले? आपणही दगडावरची अक्षरे पुसली. लिपी वाचता न येणाऱ्याने पुसली ती अज्ञानाने. आपण पुसली ती जाणूनबुजून. यात जास्त दोष कोणाचा?

खरे म्हणजे हा नकोसा वाटणारा मजकूरच आपल्याला फार मोलाचे काही शिकवतो. राजे अनेक धर्मांना दान देत. दान घेणारा संघ राजाच्या वर्णविचाराला रोखू शकला नाही, हेही त्यातून दिसते. धम्म राजाश्रयावर विसंबला तर काय होऊ शकते, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मनाला रुचेल तेवढेच वाचणाऱ्याला हा प्रश्न कधीच पडणार नाही.

येथे एक खूण लक्षात ठेवा. जी गोष्ट सगळीच्या सगळी आपल्याला आवडते, जिच्यात आपले सगळे चांगले आणि दुसऱ्यांचे सगळे वाईट असते, त्या गोष्टीकडे दोनदा पाहावे. दंतकथा ऐकणाऱ्याला खूश करण्यासाठीच रचलेली असते. इतिहासावर तसे बंधन नाही.

आपल्या घरातील कथा

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. बुद्ध जन्मताच सात पावले चालले काय?

ही कथा पाली आणि संस्कृत अशा दोन्ही बौद्ध वाङ्मयांत आहे. पण लुंबिनीचा स्तंभ काय सांगतो? १८९६ साली उजेडात आलेल्या त्या स्तंभावर अशोकाचा छोटासा लेख आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली आणि दगडी स्तंभ उभारला. लुंबिनी गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि पिकातील वाटा कमी करून आठवा हिस्सा ठरवला. बस्स. पावलांचा उल्लेख नाही, आकाशातील पुष्पवृष्टीचा नाही. स्थळ आहे, व्यक्ती आहे, आणि पुन्हा एकदा हिशोब आहे. बुद्ध नावाचा माणूस या भूमीवर जन्मला, याहून मोठा चमत्कार आपल्याला कशाला हवा?

तीच गोष्ट चार दृश्यांची. राजपुत्र सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि मध्यरात्री सर्वांना झोपेत टाकून घर सोडले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच या कथेवर बोट ठेवले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. त्याआधी धर्मानंद कोसंबींनी मराठीतच दाखवून दिले होते की, 'अरियपरियेसन सुत्ता'त भगवान स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात तेव्हा मध्यरात्रही नाही आणि चार दृश्येही नाहीत. आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत आपण केस उतरवून घर सोडले, असे ते सांगतात. चार दृश्यांची विस्तृत कथा 'महापदान सुत्ता'त आहे. पण ती विपस्सी नावाच्या प्राचीन बुद्धाची म्हणून सांगितली आहे.

मग गृहत्यागाचे कारण काय? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे कारण कोसंबींनी मांडले, आणि बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात तेच सांगितले. येथेही प्रामाणिक राहू. पाली अट्ठकथांत हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे आणि तो भगवान मिटवतात. गृहत्यागाशी त्याची सांगड घालणे हे या दोघांचे अनुमान आहे. ते बुद्धीला पटणारे आहे, मानवी आहे, पण अनुमान आहे. अनुमानाला अनुमान म्हटल्याने बाबासाहेबांचा मान कमी होत नाही. त्यांनीच आपल्याला हा धडा घालून दिला आहे. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, जेथे पुरावे तुटलेले आहेत तेथे आपण तर्क आणि कल्पना यांचा आधार घेतला आहे. एवढ्या मोठ्या विद्वानाला हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

तिसरे उदाहरण सम्राट अशोकाचे. गादीसाठी त्याने आपले नव्व्याण्णव भाऊ मारले, असे सिंहलद्वीपचा 'महावंस' सांगतो. हा ग्रंथ अशोकानंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहिला गेला. आता अशोकाचा स्वतःचा पाचवा शिलालेख पाहा. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर आपण धम्ममहामात्र नेमले, असे तो सांगतो. आणि ते पाटलिपुत्रात व बाहेरच्या नगरांत आपल्या भावांच्या व बहिणींच्या अंतःपुरांतही काम पाहतात, असेही सांगतो. सगळे भाऊ मारले गेले असते तर तेरा वर्षांनंतर भावांच्या घरांची काळजी घेण्याचे कारणच पडले नसते. मग भिक्खूंनी ही कथा का सांगितली? हेतू वाईट नव्हता. आधीचा अशोक जितका काळा दाखवावा, तितकी धम्माची शक्ती उजळून दिसते. पण चांगल्या हेतूने सांगितलेली दंतकथासुद्धा दंतकथाच असते.

सगळेच फेकून द्यावयाचे काय?

एवढे वाचून काही उत्साही तरुण म्हणतील, "मग 'महावंस' वगैरे सगळे ग्रंथ बाजूला टाका." थांबा. हेही घाईचे होईल. प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली तेव्हा लेखांत राजाचे नाव निघाले 'देवानंपिय पियदसि'. हा कोण राजा, हे भारतात कोणी सांगू शकेना. उत्तर आले ते सिंहलद्वीपातून. तेथील जुन्या पाली बखरीत अशोकाला पियदसि म्हटल्याचे जॉर्ज टर्नर याने १८३७ साली दाखवले. पुढे १९१५ साली मास्की येथील लेखात 'असोक' हे नावच सापडले आणि गाठ पक्की झाली. ज्या बखरींत थेर महिंद आकाशमार्गे लंकेला गेले असे लिहिले आहे, त्याच परंपरेने आपल्याला अशोक परत दिला.

आणखी पाहा. धम्मप्रसारासाठी हिमालयाच्या प्रदेशात गेलेल्या थेरांची नावे या बखरी देतात. मज्झिम आणि कस्सपगोत्त ही त्यांतील दोन नावे. सांची आणि सोनारी येथील स्तूपांत अस्थिकलश सापडले, त्यांवर हीच नावे कोरलेली होती. कोठे लंका आणि कोठे सांची! दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती मानावयास हरकत नाही. म्हणजे कथेच्या भुश्शात इतिहासाचे दाणे असतात. शहाणी गृहिणी भुश्शासकट धान्य फेकत नाही आणि भुश्शासकट दळतही नाही. ती सूप हातात घेते.

आणि दगड म्हणजे सत्यच, असेही समजू नका. लुंबिनीच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते तो पुराणवस्तू खात्याचा अधिकारी फ्यूरर हा पुढे लबाड ठरला. त्याने बनावट लेख दाखवले आणि ब्रह्मदेशातील एका भिक्खूला बुद्धाच्या म्हणून खोट्या अस्थी दिल्या. १८९८ साली त्याला नोकरी सोडावी लागली. मग लुंबिनीचा लेख खरा कशावरून? फ्यूररच्या शब्दावरून नव्हे. त्या लेखाची भाषा आणि लिपी अशोकाच्या इतर लेखांशी जुळते, आणि सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने तेथे अशोकाचा स्तंभ पाहिल्याची नोंद केली आहे. सांगणारा कोण आहे यापेक्षा साक्ष जुळते की नाही, हे पाहावे ते असे.

सर्वांत जवळची गोष्ट

आता अगदी आपल्या हृदयाजवळची गोष्ट घेऊ. १ जानेवारी १८१८ ची भीमा-कोरेगावची लढाई. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथील विजयस्तंभाजवळ गेले, आणि आज लाखो लोक तेथे मानवंदना देतात. व्यासपीठावरून आपण ऐकतो की पाचशे महार वीरांनी अठ्ठावीस हजारांची फौज कापून काढली.

दगड काय सांगतो? स्तंभावर मृतांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती आपल्या पूर्वजांची नावे आहेत. त्याच स्तंभावर इतर जातीधर्मांच्या सैनिकांचीही नावे आहेत. कंपनीच्या बाजूला सुमारे आठशे लोक होते. त्यांत पायदळ होते, घोडेस्वार होते आणि तोफखानाही होता. पेशव्यांची एकूण फौज प्रचंड होती हे खरे. पण ती सगळी गावात शिरली नव्हती, तिच्या तुकड्या हल्ल्यासाठी पाठवल्या होत्या. फौज कापून काढली गेली नाही. कंपनीच्या सैनिकांनी दिवसभर अन्नपाण्यावाचून गाव लढवले, आणि शेवटी पेशव्यांचे सैन्य निघून गेले.

हे सांगितल्याने कोणाला वाटेल की आपण आपल्याच वीरांचा मान कमी करतो. मला तसे वाटत नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांची नावे दगडावर आली. बावीस नावे, वाचता येतील अशी. त्यांना अठ्ठावीस हजारांची प्रेते जोडण्याची गरज नाही. आपण आकडा फुगवला की विरोधक तो फुगवलेला आकडा फोडतो, आणि त्याबरोबर खऱ्या बावीस नावांनाही खोटे ठरवू पाहतो. अतिशयोक्ती ही आपली ढाल वाटते, पण ती शत्रूच्या हातातील काठी ठरते.

चार प्रश्न

भगवंतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जो उपदेश केला तो आपण सर्वांनी ऐकला आहे. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, एवढे आपल्याला पाठ असते. पण त्यात पुढे दोन गोष्टी आहेत, त्यांचा आपल्याला विसर पडतो. केवळ तर्काला जुळते म्हणूनही मानू नका, आणि हा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. म्हणजे भगवंतांनी ही कसोटी स्वतःलाही लावून घेतली. जगात असा शास्ता विरळा.

ही कसोटी रोजच्या व्यवहारात वापरावयाची तर कोणतीही गोष्ट ऐकल्यावर चार प्रश्न विचारा. ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली? घटनेनंतर किती काळाने सांगितली? ती खरी मानली तर कोणाचा फायदा होतो? आणि तिला दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय? पोथी असो, व्यासपीठावरचे भाषण असो, की मोबाईलवर आलेला मजकूर असो, हे चार प्रश्न सर्वांना सारखे लावा. ज्या दिवशी आपण ते फक्त दुसऱ्यांच्या कथांना लावू, त्या दिवशी आपण धर्मांतर केले असे म्हणता येणार नाही. आपण फक्त पोथी बदलली असे होईल.

आपण दररोज पंचशील म्हणतो. त्यातील चौथे शील 'मुसावादा वेरमणी' हे आहे. बाजारात, कोर्टात, शेजाऱ्याशी खोटे बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. मेलेल्या माणसांविषयीही खोटे बोलू नये, असा अर्थ कधी घेतला काय? ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांच्याविषयी बोलताना तर शील अधिकच पाळावे लागते. माहिती नसताना सांगितलेली दंतकथा हे अज्ञान आहे. माहीत असून इतिहास म्हणून सांगितलेली दंतकथा हा मुसावाद आहे. मग ती त्यांची असो वा आपली.

घरात काय करावे?

घरात आजी असते. ती अजून पांडवांची, हरिश्चंद्राची गोष्ट सांगते. तिचा अपमान करू नका. तिला शाळेची पायरी चढू दिली नाही. तिच्या वाट्याला ज्या गोष्टी आल्या त्या तिने जपल्या. तिला गोष्ट सांगू द्या, आणि नंतर मुलाला सांगा, "ही गोष्ट आहे. आता लेण्यातला हिशोब करू." सात पावलांची कथाही सांगा, मात्र 'असे झाले' म्हणून सांगू नका, 'असे लोक सांगत आले' म्हणून सांगा. हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवण्याची सवय ज्या घराला लागेल, त्या घरातील मूल सहसा फसणार नाही.

शक्य असेल त्यांनी ब्राह्मी लिपी शिकावी. अक्षरे थोडीच आहेत. आपल्या विहारांतून वर्षावासात तिचे वर्ग सुरू करण्यास काय हरकत आहे? लेण्यापाशी जाऊन नुसते हात जोडण्यापेक्षा तेथील एक ओळ वाचता येणे, ही अधिक मोठी वंदना आहे.

आणि पुढच्या खेपेस त्रिरश्मीवर गेलात, आणि मुलाने विचारले, "बाबा, लेणी कोणी कोरली?" तर त्याला दहाव्या लेण्यापाशी न्या. राजाच्या जावयाने पैसा दिला, विणकरांनी तो सांभाळला, भिक्खू येथे पावसाळाभर राहिले, आणि ज्यांनी छिन्नी चालवली त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, असे सांगा. "ठाऊक नाही" हे शब्द मुलासमोर उच्चारताना संकोच करू नका. बापाच्या तोंडून हे शब्द ऐकलेले मूल पुढे स्वतः शोधावयास निघते.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!